हातभर

डोलकाठीचे दोन तुकडे. माहुलच्या खाडीत फुटलेल्या एका मचव्याचे.

आठ गाठींचा सुंभ.

निळी रिबीन. एका टोकाला शाई सांडलेली.

मिठागरावरची पहार. तिची मूठ तांबडी रंगवलेली, कारण न रंगवलेल्या पहारी परत येत नाहीत.

मिठाच्या लॉरीत बसायचं असेल तर अंगाला कुठे खरचटलेलं नसावं.

मालनच्या उजव्या कोपरावर रुपयाएवढा पांढरा डाग आहे. आता तिची पंचाहत्तरी झाली. नातवंडं तो डाग बोटाने दाबतात आणि दुखतं का म्हणून विचारतात.

माणूस रस्ता बघतो, माणसं बघतो, आभाळ बघतो. आपलं पाऊल मात्र कुणी बघत नाही.

*

हे सगळं एका आठवड्यात मावतं. एकोणीसशे सत्तावन्नच्या जानेवारीतल्या. नलिनीला विचारलं तर ती रविवारपासून सांगायला घेते आणि दुसऱ्याच वाक्याला अडते. रविवार कळायचा तर आधी तीन वर्षं मागे जावं लागतं, मोजणीच्या दिवसापर्यंत.

मुलुंड स्टेशनच्या पूर्वेला तेव्हा चार आळ्या, दोन विहिरी आणि एक पिठाची गिरणी होती. त्यांच्या पुढे घरं संपत आणि मिठागरं सुरू होत. जिथे संपत आणि जिथे सुरू होत, त्यांच्यामध्ये एक पट्टा कुणाचाच नव्हता. तिथे अण्णा एका सकाळी उभे राहिले, धोतराचा सोगा खोचला आणि म्हणाले, "इथे."

अण्णा मिठागरावर वजनाच्या काट्यावर बसत. लॉरीत चढणारं प्रत्येक पोतं त्यांच्या डोळ्यांखालून जाई. तरुणपणी लालबागच्या एका व्यायामशाळेकडून ते खो-खो खेळले होते. पुढे पोत्यांची थप्पी डाव्या पायावर कोसळली. हाड सांधलं, खेळ सुटला. कुणी लंगडणं म्हटलं की ते म्हणत, "लंगडत नाही. सावकाश चालतो. तुम्हाला घाई असेल तर पुढे व्हा."

मोजणीच्या दिवशी नऊ मुली भोवती उभ्या होत्या. वयं बारा-तेरा. सगळ्यांत उंच नलिनी. उत्तराचे वडील फोर्टातल्या कचेरीत नकाशे काढायचे, म्हणून ती पुढे झाली.

"अण्णा, बाबांची टेप आणू? पोलादी आहे."

"कशाला?"

"मोजायला."

"टेपसाठी दुसऱ्याच्या दारात उभं राहावं लागतं, उत्तरा. पाऊल आपलं आपल्याजवळ असतं. माझं पाऊल अडीच फुटांचं. लालबागेत या पावलावर मैदानं आखली आहेत मी. तेहतीस पावलं आणि खांब. चला, मोजा माझ्याबरोबर."

मुली ओरडत मोजू लागल्या. एक. दोन. तीन. अण्णा मान वर करून, छाती काढून चालले. बसणाऱ्या मुलींचे आठ चौकोन त्यांनी गाठी मारलेल्या सुंभाने आखले. तो जुना सुंभ लालबागचाच होता, गाठी बिनचूक होत्या. आठव्या गाठीशी सुंभ संपला. दुसऱ्या खांबाची जागा तेवढी पावलांवर राहिली. तेहतिसाव्या पावलाला अण्णांनी टाच रोवली आणि माहुलहून आणलेल्या डोलकाठीचा दुसरा तुकडा तिथे कंबरभर खोल गाडला. भोवती दगड ठेचले, माती चोपली.

"हत्ती आला तरी हलायचा नाही," ते म्हणाले.

चुना नव्हता. मिठागरावर काळपट, टाकाऊ मीठ ढिगाने पडलेलं असे. रेघा त्याच्याच.

*

कोण कुठे बसायची, ते असं.

खो-खोत आठजणी ओळीने बसतात, एकीआड एक उलट्या तोंडाने. अण्णांनी त्याला दिशांची नावं दिली. एकीचं तोंड डोंगराकडे, दुसरीचं खाडीकडे. पहिली डोंगर, दुसरी खाडी, असं करत आठव्या चौकोनात, खांबाच्या अगदी लगत, नलिनी. तिचं तोंड खाडीकडे. नववी मालन. ती बसायची नाही, ती धावायची. पळणाऱ्या मुलीला खांबाशी गाठायचं, चौथ्या पावलाला अंग झोकून द्यायचं, एका हाताने खांब धरायचा आणि दुसरा हात फेकून शिवायचं. झेप हे मालनचं काम.

डोळे मिटूनही तिची झेप चुकत नसे. खरंच मिटून दाखवायची ती. धप, धप, धप, धप आणि मग डोलकाठीवर तळहाताचा आवाज.

"खांब आपल्याकडे येत नसतो," अण्णा म्हणायचे. "आपण खांबाकडे जायचं."

नलिनीला मालन दिसायचीच असं नाही. तिचं तोंड खाडीकडे, आणि मालन पुष्कळदा पाठीमागून यायची. झेपेत गडी निसटला तर मालनने खांबाला वळसा घ्यायचा, नलिनीच्या पाठीवर थाप मारून 'खो' म्हणायचं आणि तिच्या जागी बसायचं. थाप आणि शब्द एकदम. तोपर्यंत नलिनीने उठायचं नाही. वळून बघायचं नाही. पाठ देऊन बसायचं, बस्स.

खेळातली सगळ्यांत कठीण गोष्ट धावणं नाही, ही आहे, असं नलिनी अजूनही सांगते. पाठ देऊन बसणं.

पण मालन थाप मारायचीच नाही फारशी. एक झेप हुकली तर दुसरी घ्यायची. तिलाच गडी मारायचा असे.

तीन वर्षं मुलुंडच्या मुली घरच्याच मैदानावर खेळल्या. भांडुपच्या आल्या, ठाण्याच्या आल्या, नाहूरच्या दोनदा आल्या आणि हरून गेल्या. मुलींना बाहेर पाठवायला कुणाचे आईबाप तयार नव्हते. घाटकोपरसुद्धा तेव्हा परगावच. पाहुण्या मुली खांबाशी येऊन धडकायच्या, कपाळ चोळत म्हणायच्या, "मुलुंडचा खांब पुढे येतो गं अंगावर."

या हसायच्या. विशेषतः प्रेमा.

"आमचा खांब आहे तो," प्रेमा म्हणायची. "आमचंच ऐकणार ना."

*

रविवार, घाटकोपर.

उपनगरांच्या स्पर्धेत पहिलाच सामना अंधेरीशी. नलिनीने घरोघर जाऊन परवानग्या मिळवल्या होत्या. सर्वांत अवघड घर मालनचं. तिचे वडील धोंडू पूर्वी परळच्या गिरणीत होते, आता भांडुपच्या एका कारखान्यात रखवालदार. गावी मालनची काकी एकटी, आजारी. धोंडूने नलिनीसमोरच मालनला सांगितलं होतं, "खेळतलंस तवसर हय ऱ्हव. खेळ सोपलो की गावाक. काकीक कोण नाय."

मालन संघात आहे तोवर मुलुंडात. नाहीतर मे महिन्यात मालवणची बोट, आणि शाळाही तिथेच सुटली. हे नऊजणींना ठाऊक होतं. अण्णांना नव्हतं. अशा गोष्टी सांगितल्या की अण्णा खेळाडूकडे कीव येऊन बघतात, आणि मालनला ते चाललं नसतं.

घाटकोपरच्या मैदानावर चुन्याच्या पांढऱ्याशुभ्र रेघा होत्या. मुली बसायला गेल्या आणि पहिला घोटाळा तिथेच झाला.

"डोंगर कुठाय इथे?" प्रेमा ओरडली.

पंच बघत राहिले. अंधेरीच्या मुली फिदीफिदी हसल्या. नलिनीने एकेकीला खांदा धरून वळवलं. "तू शाळेकडे. तू टांग्यांकडे. तू शाळेकडे."

शेवटच्या पाळीत सात मिनिटांत आठ गडी मारले की सामना बरोबरीत. सात मारले. शेवटची मुलगी राहिली, लांब वेणीची, वाऱ्यासारखी. मालन तिच्या मागे. मुलगी खांबाकडे सुटली. नलिनीच्या कानांना ती चार पावलं पाठ होती. धप, धप, धप, धप.

आणि मग डोलकाठीचा आवाज आला नाही. मातीचा आला.

मालन पालथी पडली होती. तिची बोटं जिथे मिटली तिथे हवा होती. खांब पुढे, हातभर.

ती उठली, पुन्हा धावली, पुन्हा झेप, पुन्हा माती. तिसऱ्यांदा कोपर फाटलं. या सगळ्यात तिने एकदाही खो दिला नाही. नलिनी पाठ देऊन बसून होती. पाठीवर हात येईल, आता येईल, असं वाटत असताना शिट्टी वाजली.

एका गड्याने हरल्या.

मालन रडली नाही. कडेला बसून कोपरातली माती काढत म्हणाली, "खांब तिथे नव्हता."

"मग काय खांबाला पाय फुटले?" प्रेमा चिडून म्हणाली.

"नव्हता म्हणून सांगते ना!"

उत्तरा पुढे झाली. तिने डाव्या वेणीची निळी रिबीन सोडली, आठव्या चौकोनाशी जाऊन तिचं शाईचं टोक रेघेवर ठेवलं आणि मापत खांबापर्यंत गेली. रिबीन दोनदा भरली आणि वर थोडी. तिथे तिने गाठ मारली. अंधेरीच्या मुलींना वाटलं, हिचं डोकं फिरलं.

अण्णा तेव्हा मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पाठमोरे उभे होते.

*

परत यायला मिठागराचीच लॉरी होती. रिकामी, पण फळ्यांच्या फटीफटींत मीठ. आग्रा रोडवर प्रत्येक खड्ड्याला नऊजणी एकदम 'आई गं' म्हणायच्या.

"जखमेवर मीठ म्हणतात ते हेच बघ," प्रेमा म्हणाली. "आपल्याला तर अख्खी लॉरी मिळाली."

कुणी हसलं नाही. मग एकदम सगळ्या हसल्या. मालनसुद्धा.

अण्णा पुढे ड्रायव्हरशेजारी होते. मुलुंडला उतरल्यावर त्यांनी उत्तराच्या हातातल्या गाठ मारलेल्या रिबिनीकडे एकदा बघितलं आणि ते म्हणाले, "उद्या सराव नाही. परवा मला काट्यावर सहा वाजतील. बुधवारी या. मालन, तू बाहेर बसशील. खांबावर प्रेमा."

"अण्णा..." नलिनी म्हणाली.

"झेप पुरली नाही तिची. तीनदा. एकदा चुकते, त्याला चूक म्हणतात. तीनदा चुकतो तो दम."

मालनने मान हलवली आणि घरी गेली. प्रेमाला खांब हवा होता. पहिल्या दिवसापासून हवा होता, सगळ्यांना माहीत होतं. पण मालन वळणावर दिसेनाशी होईपर्यंत प्रेमा तिच्या पाठीकडे बघत राहिली.

*

सोमवारी शाळा सुटल्यावर उत्तरा आणि नलिनी मैदानावर गेल्या. उत्तराने रिबीन लावली. शाईचं टोक आठव्या चौकोनाच्या रेघेवर. गाठ खांबाच्या पलीकडे गेली. उत्तराने पलीकडचा तुकडा आपल्या हाताला लावून बघितला. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत.

"एक हात," ती म्हणाली.

नलिनी खाली बसली. गाठीवर बोट ठेवून म्हणाली, "अण्णांचं पाऊल."

"तेहतीस पावलांत एक हात. पावलामागे अर्धा इंच. पाय मोडल्यानंतर कमी पडत असणार, त्यांच्या लक्षात नाही आलं."

"मालनचा दम नाही कमी पडला."

"मैदान कमी पडलं," उत्तरा म्हणाली. "चल, सांगूया."

नलिनी एकटीच गेली. अण्णांची खोली चाळीच्या टोकाला, पुढे लांब गॅलरी. जिन्यावरून तिला अण्णा दिसले. ते गॅलरीत चालत होते. या टोकापासून त्या टोकापर्यंत, मान खाली घालून, फरशा बघत. मान खाली घालून चाललेले अण्णा तिने कधी पाहिले नव्हते. वैद्याने पायाला व्यायाम सांगितला असेल, असं तिला वाटलं.

"काय गं?"

तिच्या मनात वाक्य तयार होतं. अण्णा, तुमचं पाऊल अडीच फुटांचं नाही. एवढंच. पण त्या माणसाकडे लालबागचं काय उरलं होतं? व्यायामशाळा नाही, गडी नाहीत, पाय नाही. एक ते पाऊल.

"मालनला परत घ्या," ती म्हणाली.

"का?"

"घ्या ना."

"झेप पुरली नाही तिची."

"पुरेल."

"कधी?"

"बुधवारी."

अण्णा कठड्याला टेकले. तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले. "आणखी काही सांगायचंय?"

"नाही."

"बरं," अण्णा म्हणाले. "चहा घेतेस?"

तिने चहा घेतला. 

*

"म्हणजे आपण जिंकलो ते सगळं खोटं?" प्रेमाने विचारलं.

मंगळवार, दुपारचे तीन. नऊजणी खांबाभोवती. उन्हाने मिठागरं पांढरी, डोळ्यांना बघवत नव्हती. नलिनीने सगळं सांगून टाकलं होतं.

"खोटं नाही. सोपं," उत्तरा म्हणाली.

"तेच ते."

मालन म्हणाली, "जाऊ दे. अण्णांना नका सांगू. माझी झेप कमी पडली, झालं. मी जाते गावाला."

"ए शहाणे, गप," प्रेमा म्हणाली. "तू गेलीस तर माझ्या बापाला खांब झेपणारे? चाराच्या जागी सहा पावलं टाकते मी." मग ती खाली बघून म्हणाली, "मला हवा होता खांब. पण असा नको."

 वारा नव्हता. काट्याकडून हमालांची आरोळी ऐकू येत होती, आणि त्या आरोळीच्या शेजारी अण्णा बसले असणार.

"सांगायचंही नाही आणि मालनला घालवायचंही नाही," नलिनी म्हणाली. "खांब हलवायचा. हातभर लांब. आपल्या हातांनी. कुणाला विचारायचं नाही, कुणाची मदत मागायची नाही. आणि लांब केला की सगळ्यांनाच अवघड जाईल, हे आत्ताच समजून घ्या. नाहूरच्या मुलीसुद्धा आता हरवतील आपल्याला."

"नाहूरच्या?" प्रेमा म्हणाली. "वाट लागली मग. खणा."

हत्यारं अशी होती. एक खुरपं, कोळशाचं एक फावडं, दोन करवंट्या, धिरडं उलटायचा एक तवेथा. उत्तराने आणलेली वडिलांची पोलादी टेप, जी या वेळी विचारून आणली नव्हती.

हत्ती आला तरी हलायचा नाही, असं अण्णा म्हणाले होते. मुलींना वाटलं होतं संध्याकाळ होईल. पण माती भराभर निघू लागली. दगड हातात येऊ लागले. उत्तराने मूठभर माती चुरून पाहिली.

"एवढी भुसभुशीत कशी गं?"

"खारी जमीन आहे," नलिनी म्हणाली. "खण तू."

मग नऊजणींनी डोलकाठीला मिठी मारली. एकीच्या हातावर दुसरीचा हात, तिसरीचं डोकं चौथीच्या खांद्यात. नलिनी ओरडली आणि सगळ्यांनी एकदम जोर केला. खांब हलला. एकदा इकडे, एकदा तिकडे, आणि उपटून वर आला, इतका अचानक की सगळ्या धाडकन मागे पडल्या, प्रेमा सर्वांत खाली.

"आपण हत्ती झालो!" खालून प्रेमाचा आवाज आला. "मेले, उठा गं, पण हत्ती झालो!"

नवा खड्डा खणायला मात्र जीव गेला. तिथली माती दगडासारखी होती. फावड्याचा दांडा मोडला. तळहातांना फोड आले. पण तोवर अंगात आलं होतं. उपटलेला खांब समोर आडवा पडलेला, तो बघितला की पुन्हा हात चालायचे. टेपने दोनदा मापून खांब उभा केला. दगड ठेचले. जुना खड्डा बुजवला, पण माती वर आली ती वेगळी दिसत होती, ओलसर, काळी.

"फुगडी," मालन म्हणाली.

जोड्या-जोड्यांनी त्यांनी जुन्या खड्ड्यावर फुगड्या घातल्या, गरगर, टाचा आपटत, माती दगड होईपर्यंत. मग नव्या खांबाभोवती. वरून मिठाची रेघ. लांबून कुणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, जानेवारीत यांची कसली मंगळागौर?

*

बुधवारी अण्णा आले. खांबापाशी गेले. तळहात ठेवला, हलवून बघितला.



"घट्ट आहे," अण्णा म्हणाले. जुन्या खड्ड्याच्या जागेवरूनच ते परत आले, अगदी तिच्यावर पाय देऊन, पण खाली बघितलं नाही. "मालन, खांबावर ये."

"प्रेमा आहे ना..." मालन म्हणाली.

"प्रेमाला विचारलं का मी?"

"मला नकोच, अण्णा," प्रेमा म्हणाली. "मला उन्हात चक्कर येते."

मालनची झेप पुरली नाही. दुसरीही नाही. कोपराची खपली निघाली, मीठ लागलं. अण्णा एवढंच म्हणत होते, "परत." दुसऱ्या दिवशी परत. आठवडाभर परत. मग अकराव्या दिवशी संध्याकाळी ती चौथ्या पावलाला न झेपावता पाचवं, अर्धंच पाऊल टाकून झेपावली, आणि डोलकाठीवर तळहाताचा आवाज आला.

त्या अकरा दिवसांत आणखी एक गोष्ट घडली, तिच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. झेप हुकली की मालन खो द्यायला लागली. आधी नाइलाजाने. नंतर सवयीने.

*

फेब्रुवारीत, परतीच्या सामन्यात, अंधेरीच्या मैदानावर त्याच मुलींशी गाठ पडली. शाळेच्या पटांगणात दोरी बांधलेली, पलीकडे मोप माणसं. सुरुवातीला मुली गोल करून उभ्या राहिल्या, डोक्याला डोकं लावून. नलिनी कुजबुजली, "खांब कुणी उपटला?"

"आम्ही," आठजणी कुजबुजल्या. हळूच, अण्णांच्या कानावर जाऊ नये म्हणून.

शेवटचं मिनिट, शेवटची मुलगी, तीच लांब वेणीची. मालन मागे. नलिनीचं तोंड एका पिंपळाकडे, म्हणजे खाडीकडे. पावलं ऐकू आली, चार आणि एक अर्धं. मग आवाज. लाकडावर तळहात. लोकांचा गलका झाला, पण नलिनीला कळलं की मुलगी निसटली, कारण तिची पावलं समोरच्या अंगाला वाजू लागली होती. नलिनी बसून राहिली. पाठ देऊन.

आणि तिच्या पाठीवर थाप पडली. खांद्याच्या जरा खाली, डावीकडे. फोडांनी खरखरीत झालेला तळहात, पोलक्यातूनही जाणवणारा.

"खो!"

पुढचं तिला नीट आठवत नाही. वेणी आठवते, बोटांना लागलेली, आणि शिट्टी. थाप मात्र तशीच आठवते. साठ वर्षं झाली. कधी कधी स्वयंपाकघरात ओट्याशी उभी असताना तिला उगीच वाटतं की आता पाठीवर हात येईल, आणि ती वळून बघत नाही.

*

मालन मालवणला गेली नाही. धोंडूने काकीलाच मुलुंडला आणलं. पुढे मालन घाटकोपरच्या एका शाळेत खेळाची शिक्षिका झाली, आणि तिने शिकवलेली प्रत्येक मुलगी मैदानावर गेल्यावर आधी टेपने मापायची. मुलुंडचा तो पट्टा आता कुणाचातरी आहे. तिथे सात मजले आहेत आणि खांबाच्या जागी, उत्तराच्या अंदाजाने, गाड्या लावतात.

अण्णा एक्याऐंशी साली गेले. तेराव्याला नऊपैकी सातजणी जमल्या होत्या. आयुष्यभर प्रत्येकीने आपापल्या वेळेला ती गोष्ट वापरली होती, बाळंतपणात, संपात, नवरा गेल्यावर. हत्तीने न हलणारा खांब आपण हलवला होता. प्रेमाने तर नातवाला सांगताना खांब कंबरभराचा पुरुषभर खोल केला होता.

"अण्णांना शेवटपर्यंत कळलं नाही," नलिनी म्हणाली.

"कळलं असतं तर त्यांनी मैदान सोडलं असतं," उत्तरा म्हणाली.

"बरं झालं नाही कळलं ते," मालन म्हणाली, आणि कोपर चोळलं.

*

घाटकोपरच्या सामन्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी सात वाजता, अण्णांनी मिठागरावरून तांबड्या मुठीची पहार मागून आणली, खांबाभोवतीची माती हातभर खोल मोकळी केली, पायाने सारखी करून वर मीठ पसरलं आणि कामावर जाण्यापूर्वी पहार जागेवर नेऊन ठेवली.